अर्धी खूण



आपले नाशिक हे येणाऱ्याजाणाऱ्यांचे गाव आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाचे सोडा. एरवीसुद्धा गोदाकाठी उभे राहिले तर चार प्रांतांच्या चार बोली कानांवर पडतात. परक्याचे पाऊल या गावाला नवे नाही. म्हणून आजचा विषय या पटांगणावर मांडताना मला परकेपणा वाटत नाही. प्रश्न साधा आहे. माणूस आपले गाव सोडून दूर मुलखात गेला, तेथे त्याला ओळखणारे कोणी नाही. अशा ठिकाणी 'मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' हे तो कशाच्या जोरावर सांगतो? आणि ऐकणारा तरी ते कशाच्या जोरावर खरे मानतो?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या गावातच आहेत. पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या माडीवर लाल कापडात बांधलेल्या वह्या आहेत. त्यांत कित्येक पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत. आणि नाशिकरोडला, ज्याला आपण नुसते 'प्रेस' म्हणतो त्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात, या देशाची पारपत्रे छापली जातात. तिसरे उत्तर या दोहोंपेक्षा फार जुने आहे. ते पांडवलेण्यात, खडकात कोरलेले आहे आणि ते कोरवणारा स्वतःला यवन म्हणवतो. त्याचे म्हणणे नीट समजावे म्हणून आधी यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशात थोडे फिरून येऊ.

ग्रीक भाषेत 'सिम्बोलोन' असा एक शब्द आहे. इंग्रजीतला 'सिंबॉल' त्यापासूनच आला. आज आपण त्याचा अर्थ प्रतीक असा करतो, परंतु मूळ अर्थ अगदी व्यवहारातला आहे. 'एकत्र टाकणे', 'जुळवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. दोन माणसांची मैत्री झाली, एकाने दुसऱ्याच्या घरी पाहुणचार घेतला, की निघताना मेंढराच्या घोट्याचे हाड, नाणे किंवा अंगठी यांसारखी एखादी वस्तू मोडून तिचे दोन तुकडे करावयाचे. एक तुकडा यजमानाकडे, एक पाहुण्याकडे. वर्षे लोटली, माणसे मेली, तरी तुकडे घरात जपलेले असत. पुढे केव्हातरी मुलगा किंवा नातू आपला तुकडा घेऊन त्या दूरच्या गावी जाई. दोन तुकडे एकमेकांना लावून पाहावयाचे. मोडलेली कड कडेला बसली की ओळख पटली. मोडीची रेघ कोणाला नक्कल करता येत नाही, यात त्या युक्तीचे सारे मर्म आहे. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात मातीच्या लहान लहान तकत्या सापडल्या आहेत. भाजण्यापूर्वीच त्या नागमोडी कापून दोन केलेल्या आहेत. त्यांचा उपयोग प्रवासासाठी नसून नगराच्या कारभारासाठी होता, पण युक्ती तीच.

ही रीत किती दूरवर पसरली होती ते प्लाउटस या रोमन नाटककाराच्या एका प्रहसनावरून दिसते. प्लाउटस इ. स. पूर्व 184 मध्ये वारला. त्याच्या नाटकातला हान्नो हा कार्थेजचा, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा म्हातारा, आपल्या हरवलेल्या मुलींना शोधत ग्रीसमधल्या एका गावी येतो. भाषा परकी, पोशाख परका. लोक त्याची टिंगल करतात. त्याचा जुना स्नेही केव्हाच वारलेला असतो. परंतु त्या स्नेह्याच्या दत्तकपुत्राच्या घरात खुणेचा दुसरा तुकडा शिल्लक आहे. तो आणून लावला जातो, आणि क्षणापूर्वीचा चेष्टेचा विषय घरचा पाहुणा होतो. ज्या कार्थेजशी रोमने पिढीभर युद्ध केले, त्या कार्थेजच्या माणसाला रोमच्या प्रेक्षकांपुढे असा मान मिळाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

होमरच्या 'इलियड'मध्ये याच आतिथ्याची एक कथा आहे. ट्रॉयच्या रणांगणावर दिओमेदेस आणि ग्लाउकोस समोरासमोर येतात. वार करण्यापूर्वी एकमेकांचे कूळ विचारले जाते. तेव्हा कळते की ग्लाउकोसचा आजोबा बेल्लेरोफोन हा दिओमेदेसच्या आजोबांकडे वीस दिवस पाहुणा राहिला होता. एकाने कमरपट्टा दिला होता, दुसऱ्याने सोन्याचा पेला. एवढ्यावर दोघे भाले खाली टाकतात आणि चिलखतांची अदलाबदल करतात. ग्लाउकोसचे चिलखत सोन्याचे, शंभर बैलांच्या मोलाचे. दिओमेदेसचे काशाचे, नऊ बैलांच्या मोलाचे! व्यवहार तोट्याचा झाला खरा, पण दोन आजोबांचा शब्द नातवांनी पाळला.

त्याच कथेत बेल्लेरोफोनच्या तरुणपणाची हकीकत येते. एका राजाने त्याला लिकिया देशाच्या राजाकडे धाडले आणि बरोबर एक दुमडलेली पाटी दिली. पाटीवर खुणा होत्या. त्यांचा अर्थ असा की, हा आणणारा मारून टाकावा. बिचारा स्वतःच्या मृत्यूचा हुकूम स्वतःच वाहून नेत होता! लिकियाच्या राजाने त्याला नऊ दिवस जेवू घातले, रोज एक बैल कापला, आणि दहाव्या दिवशी विचारले, 'काय खूण आणली आहेस, दाखव पाहू.' या कथेत दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. आधी अन्न, मग ओळख, हा त्या काळचा धर्म. आणि खुणेत काय लिहिले आहे हे ती वाहणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, ही त्या काळापासूनची भीती.

खूण आली तशी तिच्याबरोबर अप्रामाणिकपणाची वाटही आली. हिरोडोटसने स्पार्टाच्या एका ग्लाउकोसची कथा सांगितली आहे. हा ग्लाउकोस होमरचा नव्हे; नाव तेवढे सारखे. त्याच्या सचोटीची कीर्ती ऐकून मिलेटस नगरीचा एक गृहस्थ त्याच्याकडे आपली निम्मी मालमत्ता चांदीच्या रूपाने ठेव ठेवतो आणि खुणा देतो. या खुणा जो आणील त्याला पैसा द्यावा. पुष्कळ वर्षांनी त्याची मुले खुणा घेऊन येतात. ग्लाउकोस म्हणतो, मला काही आठवत नाही, चार महिन्यांनी या. मध्यंतरी तो देल्फीला जाऊन देवालाच विचारतो की, खोटी शपथ घेऊन पैसा दाबला तर चालेल काय? देवाचा कोप ऐकून तो भांबावतो, क्षमा मागतो, पैसाही परत करतो. परंतु कथा सांगणारा म्हणतो की, स्पार्टात आज त्याच्या वंशाचा दिवा उरलेला नाही. देवाला तसे विचारणे आणि तसे करणे एकच. या कथेत मुलांच्या हातची खूण खरी होती. खोटा ठरला तो दुसरा अर्धा भाग सांभाळणारा. खुणेची किंमत दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या सचोटीएवढीच असते, हा माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा आहे.

हळूहळू ही खूण घरातून नगराच्या हाती गेली. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्सने सिदोनचा राजा स्त्रातोन याच्या सन्मानार्थ केलेला एक ठराव शिळेवर कोरलेला आहे. सिदोन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे बंदर. ठरावात म्हटले आहे की, नगरसभेने राजाबरोबर खुणा करून घ्याव्यात. म्हणजे राजाने माणूस पाठवला तर अथेन्सला ते कळेल, आणि अथेन्सने पाठवला तर राजाला कळेल. दोन घरांची रीत येथे दोन राज्यांची झाली. त्याच शतकात एनियास नावाच्या युद्धशास्त्रावरील लेखकाने वेढ्याच्या काळी नगराने कोणती सावधगिरी घ्यावी ते लिहून ठेवले आहे. त्यात एक नियम असा की, नगरातल्या कोणीही, मग तो नागरिक असो की परका रहिवासी, खुणेवाचून जहाजाने बाहेर जाऊ नये. येथे खुणेचे तोंडच फिरले. पूर्वी ती पाहुण्याला दार उघडून देत होती; आता घरच्या माणसालाही ती दाखवल्यावाचून बाहेर पडता येईना. अरिस्तोफानेसने इ. स. पूर्व 414 मध्ये या सरकारी मुद्रेची थट्टा केली. त्याच्या 'पक्षी' या नाटकात पाखरांनी आकाशात नगर वसवले आहे आणि देवांची दूती इरिस तेथे आली असता तिला दरडावून विचारले जाते, 'करकोच्यांची मुद्रा घेतलीस काय?' बिचारी देवता. तिला मुद्रा म्हणजे काय हेच ठाऊक नाही!

आता स्वदेशी येऊ. ग्रीकांचा 'सिम्बोलोन' तसा आपला 'अभिज्ञान' हा शब्द. शकुंतलेची अंगठी आपण सर्व जाणता. परंतु नाशिककरांना त्याहून जवळची कथा पंचवटीतून निघते. येथून हरण झालेल्या सीतेचा शोध करण्यास हनुमान निघतो तेव्हा राम त्याला आपले नाव असलेली अंगठी देतो. लंकेत सीता त्याच्यावर एकदम विश्वास ठेवीत नाही; रावणच रूप पालटून आला असेल ही शंका तिला येते, आणि यतिवेषाने फसलेल्या स्त्रीला ती येणारच. अंगठी पाहून तिची खात्री पटते. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. उलट खूण म्हणून ती चूडामणी देते, आणि त्याहून मोठी खूण म्हणून चित्रकूटावरची कावळ्याची गोष्ट सांगते. ती फक्त दोघांनाच ठाऊक होती. दागिना चोरता येतो, आठवण चोरता येत नाही. वाल्मीकीची सीता ग्रीकांच्या मोडक्या हाडापेक्षा एक पाऊल पुढे गेली आहे.

राज्यकारभारातली मुद्रा पाहावयाची तर कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. त्यात 'मुद्राध्यक्ष' नावाचा एक स्वतंत्र अधिकारी आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यावयाची. मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर जावे. देशातला माणूस मुद्रेवाचून सापडला तर दंड बारा पण. मुद्रा बनावट निघाली तर दंड याहून जबर, आणि ती बाळगणारा परदेशी असेल तर सर्वांत जबर. एनियासचा नियम वेढ्यापुरता होता, कौटिल्याचा रोजचा. संशयाची कला आपण परक्यांपासून शिकलो असे म्हणण्याची सोय नाही!

अशी ही दुहेरी पार्श्वभूमी मनात ठेवून आता आपण त्रिरश्मीवर चढू. त्रिरश्मी हे पांडवलेण्याच्या डोंगराचे जुने नाव. लेखांत ते 'तिरण्हु' असे येते. तेथे चोवीस लेणी आहेत. त्यांतल्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. त्याचा आशय असा: उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा, योणक, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने त्रिरश्मी पर्वतात हे लेणे खोदवले, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवली, हे आईबापांसाठी, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, पुत्र धर्मरक्षितासह, चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले.

'योण', 'योणक', 'यवन' ही एकाच शब्दाची रूपे. आशियामायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांना इराणी लोक 'यौन' म्हणत, तेथून तो शब्द आपल्याकडे आला. दात्तामित्री म्हणजे देमेत्रियस या बाख्त्रियाच्या ग्रीक राजाच्या नावाचे नगर असे मानतात. ते आजच्या अफगाणिस्तानात कंदाहारच्या बाजूस होते असे काही विद्वान म्हणतात, तर काहींच्या मते ते सिंधु-सौवीरात, म्हणजे सिंधमध्ये होते. कसेही धरले तरी हा गृहस्थ शेकडो कोसांवरून आला होता. लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला आहे.

या एका वाक्याकडे नीट पाहा. नाव, बापाचे नाव, गाव, जमात. अथेन्सचा नागरिक स्वतःची ओळख अशीच सांगे. इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणजे ओलोरोसचा पुत्र, हालिमूस गावचा. आणि आपण तरी काय करतो? स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आणि शेवटी गावाला 'कर' लावून आडनाव! याच तऱ्हेचा एक लेख विदिशेजवळ बेसनगरच्या गरुडस्तंभावर आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा वकील हेलियोदोर, दियोनचा पुत्र, तेथे आला आणि त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो आपल्याला भागवत म्हणवतो. परंतु हेलियोदोरची नावे तरी ग्रीक आहेत. आपल्या नाशिकच्या यवनाच्या घरात आजा, बाप, नातू तिघांचीही नावे भारतीय: धर्मदेव, इंद्राग्निदत्त, धर्मरक्षित. मग त्याला 'योणक' हा शब्द लिहावयाची गरज काय होती? तो टाकला असता तर त्याला कोणी परका म्हटले नसते. काही विद्वान म्हणतात की तोवर यवन या शब्दाचा अर्थ वायव्येकडचा कोणीही असा सैल झाला होता. तेही असेल. पण शब्द सैल झाला तरी तो त्याने स्वतः निवडून, पैसे देऊन, खडकात कोरवला. मी कोठून आलो ते लपवणार नाही, आणि जे दिले ते येथले होऊन दिले, असे त्याचे म्हणणे मला त्यात ऐकू येते.

तो एकटाही नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिताने संघाला भोजनमंडप दिला. ही माणसे कोणत्या वाटेने येत ते 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक खलाशी-वहीत सापडते. तीत भडोच, कल्याण, पैठण, तेर यांची नावे आहेत, आणि भडोचच्या बाजारात मिनांदर राजाची जुनी ग्रीक अक्षरांची नाणी अजून चालतात असेही लिहिले आहे. टॉलेमीच्या भूगोलात तर 'नासिक' हे नावच आहे.

आता त्याच डोंगरावर थोडे चालून तिसऱ्या लेण्यापाशी या. तेथे पुळुमावी राजाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव कोरवला आहे. त्यात त्याचे एक बिरुद आहे: शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा. एका लेण्यात यवनांच्या संहाराचा अभिमान, आणि काही पावलांवर यवनाने दिलेले लेणे! पहिल्या वाचनाला हा विरोध वाटतो. परंतु राजाचे यवन आणि संघाचा यवन यांना मोजण्याची मापे वेगळी होती. राजापुढे उभा होता तो मुलूख घेणारा. संघापुढे आला तो आईबापांच्या नावाने दान देणारा. बलश्रीचा लेख कोणी खोडला नाही आणि इंद्राग्निदत्ताचाही कोणी खोडला नाही. दोन्ही आज वाचता येतात. या डोंगराचे हे मोठेपण आहे.

या झगड्याची आणखी एक खूण आपल्या जिल्ह्यातच निघाली. 1906 साली जोगलटेंभी येथे चांदीच्या सुमारे 13,250 नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला आहे. राज्य बदलले की खुणेवर खूण उमटते. तिच्याखाली जुना चेहरा पुसट दिसत राहतो.

परंतु ज्या नहपानाचा हा पराभव, त्याचा जावई उषवदात याचे लेख दहाव्या लेण्यात आहेत आणि प्रवाशाच्या दृष्टीने ते सोन्याच्या मोलाचे आहेत. हा दीनीकाचा पुत्र, स्वतः शक. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट तरी चालू केल्या. गोवर्धन म्हणजे आपले गंगापूरच्या वाटेवरचे गोवर्धनच. नदी उतरणाऱ्याला त्या तरीवर कोण, कोठला, असे विचारीत होते असा शब्द लेखात नाही. जाणाऱ्याला पलीकडे पोचवावयाचे, एवढेच आहे.

याच उषवदाताने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक दराने, 1,000 शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी द्यावयाचे नाही, व्याज तेवढे खावयाचे. आणि शेवटी तो सांगतो की, हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आहे आणि दप्तराच्या फळ्यावर नोंदले आहे. खडकावरचा लेख म्हणजे एक अर्धा; नगरसभेच्या फळ्यावरची नोंद म्हणजे दुसरा. स्पार्टाच्या ग्लाउकोसला 'आठवत नाही' म्हणता आले, कारण त्याच्या गावाला काही ठाऊक नव्हते. गोवर्धनच्या विणकरांना ती सोय उषवदाताने ठेवली नाही. लाकडी फळे केव्हाच कुजून गेले, निगमसभा गेली, विणकर गेले. खडकाचा अर्धा राहिला.

पुढे काळ बदलला, खुणांची नावे बदलली. समुद्रावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो नसेल ते जहाज लुटावे असा खाक्या. जमिनीवर दस्तके आणि राहदारीचे कागद होते. पेशवाईत काशीस निघालेल्या मंडळींना सरकारातून दस्तक मिळे. अमुक माणसे, अमुक जनावरे, वाटेत कोणी मुजाहीम न होणे. आजच्या भारतीय पारपत्राच्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती असते, तिचा आशय मुळी हाच आहे: धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे, आणि लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. आणि कौटिल्याच्या मुद्राध्यक्षातला 'मुद्रा' हाच शब्द नाशिकरोडच्या 'मुद्रणालया'तही जिवंत आहे. 1925 साली उभारलेल्या या प्रेसमध्ये आज चिप बसवलेली ई-पारपत्रेही तयार होतात. पुस्तिका प्रवाशाच्या खिशात, तिचा जोड सरकारी दप्तरात. सीमेवरचा अधिकारी करतो ते काम प्लाउटसच्या नाटकात दोन तुकडे लावून पाहिले त्याहून निराळे नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वहीची गोष्ट मात्र निराळी आहे. रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूला पहिला प्रश्न येतो, 'गाव कोणते? आडनाव काय?' त्यावरून त्याचे उपाध्याय ठरतात. वही सोडली जाते. मी एकदा असा प्रसंग शेजारी बसून पाहिला आहे. वऱ्हाडातले एक शेतकरी कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. पाने उलटता उलटता उपाध्यायांचे बोट थांबले. 'हे तुमच्या आजोबांच्या हातचे.' वाकडीतिकडी मोडी अक्षरे. खाली बरोबर आलेल्या भावंडांची आणि मुलांची नावे. त्या मुलांतले शेवटचे नाव ज्यांच्या अस्थी आणल्या होत्या त्यांचेच होते. मोडी कोणालाच वाचता येत नव्हती. मुलाने नुसता त्या अक्षरांवरून हात फिरवला, मग खाली आपले नाव लिहिले आणि धाकट्या मुलीचेही लिहिले. या खुणेचा एक अर्धा वहीत आहे. दुसरा प्रवाशाने बरोबर आणावयाचा नसतो, तो स्वतःच दुसरा अर्धा असतो.

पण ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे काय? ही गोष्ट दूरच्या काळातली नाही. 1947 नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली हजारो माणसे आपल्या देवळालीच्या छावणीत राहिली. घर होते, दुकान होते, शेत होते, सगळे पलीकडे. पुढे 1950 साली निर्वासितांच्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी कायदा झाला, आणि जे मागे राहिले त्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. सरकारलाही त्यावाचून गत्यंतर नव्हते. खोटे दावेही येणारच. परंतु ज्याने रात्रीत घर सोडले त्याने खापराचा कोणता तुकडा बरोबर घ्यावा? दुसरा अर्धा जेथे होता ते दारच त्याला बंद झाले होते. सौवीराचा तो जुना इंद्राग्निदत्त आणि हे सिंधी बांधव एकाच मुलखातून आले की नाही हे विद्वानांनी ठरवावे. दोघेही नाशिकला आले, आणि दोघांनाही 'आम्ही अमुक गावचे' एवढेच सांगता आले, हे खरे. आज त्यांची दुकाने, त्यांच्या शाळा आपल्या गावात आहेत. त्यांची मुले मराठी बोलतात. त्यांना रुजता आले, कारण कागद पुरे होण्याआधी कोणीतरी त्यांना उधारीवर माल दिला, कोणीतरी खोली दिली.

नगराला दाराशी पहारा लागतो. कौटिल्य मूर्ख नव्हता आणि एनियासही नव्हता. मुद्रा नको, दप्तर नको, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आणि हे प्रेसच्या गावात म्हणावयाची माझी छाती नाही. माझे म्हणणे इतकेच की, खूण ही मुळात दोन माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासातून जन्मली, आणि तिचा एक अर्धा नेहमी यजमानाच्या हाती असतो. येणाऱ्याने आपला तुकडा आणला नाही म्हणून आपण चटकन बोट दाखवतो. आपला तुकडा आपण जपला आहे की नाही, हे मात्र क्वचितच तपासतो.

सतराव्या लेण्यातले आतले काम अपुरेच राहिले आहे. तो यवन मध्येच वारला की परतला की त्याचा पैसा संपला, दगड ते सांगत नाही. परंतु त्याने आपला अर्धा तुकडा या डोंगरात ठेवला आहे. नाव, बापाचे नाव, गाव, आणि दिलेले पाणी. उन्हाळ्याचे दिवस आहेत. सकाळी लवकर निघून एकदा वर जाऊन यावे. ओसरीत उभे राहून तो लेख पाहावा आणि मनाला विचारावे की, याला जोडावयाचा दुसरा अर्धा आपल्यापाशी आहे ना?